सुगराबीचे हात

प्रिय सई आणि अर्णव,

गेले काही रविवार फोनवर तुम्हाला माझ्याऐवजी घराचं छत दिसतं आहे. अर्णवने विचारलंही, "आजी, तुझा कॅमेरा बिघडला का?" मी हो म्हणाले. कॅमेरा चांगला आहे. माझ्या वरच्या ओठाच्या कडेला एक पांढरा डाग आला आहे. तांदळाच्या दाण्याएवढा होता, आता चिंचोक्याएवढा झाला आहे. त्याला आपल्याकडे कोड म्हणतात. तो लागत नाही, दुखत नाही, त्याने कुणी मरत नाही. हे सगळं मला माहीत आहे. तरी परवा शेजारच्या बाईंनी विचारलं तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "नवी टूथपेस्ट सोसली नाही." असंच एक वाक्य मी पूर्वी ऐकलं होतं, बुलढाण्याजवळच्या धाड गावच्या बाजारात, दुसऱ्या एका बाईच्या तोंडून. त्या वाक्याचं पुढे काय झालं तेही पाहिलं होतं.

म्हणून आज तिच्याविषयी लिहिते आहे. तुम्ही तिला कधी पाहिलं नाही. तुमच्या आईने पाहिलं आहे. वाचताना अडखळलात तर आईला वाचून दाखवायला सांगा. वऱ्हाडी बोलणं ती अजून विसरली नसेल.

तिचं नाव सुगराबी. बांगड्या भरणारी, म्हणजे आमच्याकडच्या भाषेत मण्यारीण. धाडच्या आठवडी बाजारात एसटी थांब्याच्या पुढे तिची जागा होती. एक पोतं अंथरलेलं, पत्र्याच्या दोन पेट्या, आणि डोक्यावर चार काठ्यांना बांधलेली जुनी साडी. सुगराबी माणसाशी फार बोलायची नाही, ती हाताशी बोलायची. बाई समोर बसली की तिचा हात आधी आपल्या मांडीवर घ्यायची, बोटांची पेरं दाबायची, अंगठ्याखालचा उंचवटा कणकेसारखा मळायची आणि त्या हातालाच विचारायची, "काऊन रे, एवढा काऊन आकडला? सोड ढिल्ला. लढाईले चालला का?" हात बायकांचा असला तरी तिच्या लेखी तो 'रे' होता. समोरची बाई हसायची, हसताना हात सैल पडायचा, आणि तेवढ्यात बांगडी सरकून मनगटात बसलेली असायची.

मी लग्न होऊन नवीनच धाडला आले होते आणि तिथल्या शाळेत इंग्रजी शिकवायला लागले होते. पहिल्यांदा तिच्यापुढे बसले तेव्हा तिने माझी बोटं उलटसुलट करून पाहिली. "हा हात खडूचा हाय," ती म्हणाली. "याले घाम नाई, याले माती नाई. मास्तरीनबाई हाय ना तुमी?" त्या दिवसापासून मी तिच्यासाठी मास्तरीनबाई झाले. पुढची कितीतरी वर्षं माझ्या हातात दुसऱ्या कुणी बांगडी भरली नाही.

कापूस वेचणीच्या दिवसांत तिची खरी कसोटी लागायची. तुम्ही कापूस झाडावर पाहिलेला नाही, म्हणून सांगते. बोंड फुटलं की त्याच्या पाकळ्या वाळून कडक होतात आणि त्यांची टोकं सुईसारखी होतात. आतला मऊ कापूस ओढताना ती टोकं बोटांना लागतात. दिवाळीच्या सुमाराला वेचणाऱ्या बायांचे हात ओरखड्यांनी भरून जायचे. आमच्या शेतात वेचणीला येणाऱ्या बायांची पुढारीण शांताबाई होती, उंच, तोंडाची फटकळ, गावातल्या बौद्धवाड्यात राहणारी. तिचा हात हातात घेऊन सुगराबी एकदा म्हणाली, "शांते, हा हात हाय का खराटा? याच्यातून काच सरकनार कशी?"

"तुयी काचच हलकी हाय," शांताबाई म्हणाली. "माया हाताले नावं नको ठेवू."

"हलकी म्हने! होळीले ये, तवा पाहू. तवा हाच हात लोन्यासारका राहीन, अन् मंग म्हनशीन, सुगराबी, घट्ट भर वं, ढिल्ल्या होतेत."

खरंच होळीपर्यंत ते हात बरे झालेले असायचे. सई जीवशास्त्र शिकते आहे, तिला हे ठाऊक असेल, अर्णवसाठी लिहिते. आपल्या कातडीच्या तळाशी मूळपेशी असतात. त्यांचं काम एकच, स्वतः जागेवर राहून नवीन पेशी तयार करायच्या आणि वर पाठवायच्या. वरच्या पेशी झिजतात, गळतात, खालच्या त्यांची जागा घेतात. आपण झोपलेलो असतानाही हे चालू असतं. कातडी सोलवटली की तळाच्या आणि केसांच्या मुळाशी असलेल्या मूळपेशी कामाचा वेग वाढवतात आणि जखमेवर नवी कातडी पसरवतात. म्हणूनच दर वर्षी फाटलेले हात दर वर्षी साबूत व्हायचे. तेव्हा मलाही हे नीट माहीत नव्हतं. सुगराबीमुळे कळलं.

बीटी कापूस, बोंडअळी लागू नये म्हणून तयार केलेला, आमच्या भागात नवा होता तेव्हाची ही गोष्ट. बियाण्याच्या पाकिटासाठी दुकानापुढे रांगा लागायच्या, ओळखीचा माणूस शोधावा लागायचा. पहिली दोन-तीन वर्षं झाडं बोंडांनी वाकली. मग एक वर्ष पावसाने दगा दिला, एक वर्ष भाव पडला, फवारण्या पुन्हा वाढल्या, आणि लोकांचा विश्वास डळमळला. काही बिघडलं की बियाण्याचं नाव निघायचं. शेळी मेली तरी बीटी, अंगाला खाज सुटली तरी बीटी. त्यातलं खरं किती आणि नुसतं बोलणं किती, हे कुणी वेगळं करत नव्हतं. तेवढं कुणाला सुचत नव्हतं, असंही म्हणता येईल.

त्याच सुमाराला सुगराबीच्या हातावर पहिला डाग आला. बांगडी फुटून काच लागायची त्या जागी, उजव्या अंगठ्याजवळ. मग बोटांच्या टोकांवर. तिने मेहंदी लावायला सुरुवात केली. आधी सणासुदीला लावायची, आता बाजाराच्या प्रत्येक दिवशी हात मनगटापर्यंत लाल असायचे. पण पांढऱ्या जागेवर मेहंदी वेगळी चढते, केशरी दिसते. एका बाईने टोमणा मारलाच, "रोजच ईद हाय का वं सुगराबी?" एरवी सुगराबीने सवाई उत्तर दिलं असतं. आता तिने त्या बाईच्या बांगड्या मोजून कागदात बांधल्या आणि म्हणाली, "घरी भरजो." स्वतःचा धंदा ती असा स्वतःच मोडायला लागली होती. हात मांडीवर घेणं बंद, पेरं दाबणं बंद. बांगड्या लांबूनच पुढे करायच्या आणि बोटं ओढणीत लपवायची.

मी तिला बुलढाण्याला नेलं. कातडीच्या आजारांच्या एक डॉक्टरीणबाई तिथे बसत. सुगराबी दवाखान्यातही ओढणीतून हात काढेना. डॉक्टरीणबाईंनी घाई केली नाही. शेवटी हात बाहेर आले. त्यांनी भिंगातून पाहिलं, मनगटावरचा एक केस चिमटीत धरून दाखवला आणि म्हणाल्या, "हा काळा आहे, बघा. रंग तयार करणाऱ्या पेशी वरच्या कातडीतून गेल्या आहेत. पण त्यांची आई केसाच्या मुळाशी बसलेली असते. केस काळा आहे म्हणजे ती जिवंत आहे. हे औषध लावा, सकाळचं कोवळं ऊन थोडाच वेळ घ्या. आई तिची लेकरं वर पाठवेल. केसाभोवती तपकिरी ठिपके दिसायला लागतील."

"अन् बोटाच्या टोकाले?"

"तिथे केस नसतात. तिथे रंग परत येणं अवघड आहे."

सुगराबीने बोटांची टोकं पुन्हा ओढणीत घेतली. "म्हंजे जिथून मी कमावते, तिथलंच गोदाम खाली," ती म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली. जिथे खरचटेल, कापेल, तिथे या आजारात नवा पांढरा डाग उठू शकतो, म्हणून हाताला जपायचं. "काचेचा धंदा हाय माया," सुगराबी म्हणाली आणि हसली. ते हसणं ऐकवत नव्हतं. कोड लागत नाही, पूर्वजन्मीच्या पापाने येत नाही, आईला आहे म्हणून मुलीला होईलच असंही नाही, हेही त्यांनी सांगितलं. मी मान डोलावत होते. सुगराबी दाराकडे बघत होती.

परतीच्या एसटीत ती माझ्या कानाशी आली. "मास्तरीनबाई, हे तुमच्यात अन् माह्यात. शबानाले बीबी गावचं स्थळ आलं हाय. चांगलं घर हाय, पोराचं सायकलचं दुकान हाय. आईले कोड हाय म्हनलं त कोन नेईन पोरीले?" शबाना तिची एकुलती मुलगी. सुगराबीचा नवरा आधीच वारला होता. मी शब्द दिला.

पुढे तिने एक चूक केली. थोड्या उन्हाने थोडा रंग येतो, तर जास्त उन्हाने सगळा येईल, असा तिने हिशेब मांडला. त्यात कुणीतरी बावचीच्या बियांचं तेल आणून दिलं. जुनं औषध आहे, पण ते लावून कडक उन्हात गेलं की कातडी भाजते. सुगराबीने तेल चोपडलं, बाजारात काठ्यांवरची सावलीची साडी सोडून ठेवली आणि अख्खी दुपार हात उन्हात धरून बसली. पुढच्या बाजाराला तिच्या दोन्ही हातांवर टरारलेले फोड होते, काही फुटलेले, खाली लालभडक. मी शेजारीच वांगी घेत होते. शांताबाई तिच्यापुढे थांबली.

"या माय! हे काय झालं वं सुगराबी?"

सुगराबीने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "बीटीचा कापूस लागला."

"कापूस लागला?"

"हाव. वावरात गेलती उधारी मांगाले. वेचून पाह्यला पसाभर. रातच्याले हात पेटले. अन् आता पाह्य, पांढरे पडून राह्यले."

एवढंच ती बोलली. कोड या शब्दापेक्षा तिला कापूस हा शब्द सोपा वाटला. कापसाने झालेल्या गोष्टीत तिचा दोष नव्हता, तिच्या रक्ताचा नव्हता, शबानाचा तर नव्हताच. मी वांग्यांची पिशवी उचलली आणि घरी गेले. शब्द दिला होता, हे कारण माझ्याकडे होतं.

ती गोष्ट तिच्यापेक्षा वेगाने चालली. वेचणीला जाणाऱ्या बायांना तशीही अंगाला खाज सुटत होती. धूळ, घाम, फवारणीचं औषध, किडे, कशानेही सुटते. आता त्या खाजेला नाव मिळालं. वेचायला गेलं की आधी हात पेटतात आणि मग पांढरे पडतात. पुरावा दर आठवड्याला बाजारात बसलेला होता.

आमच्या घरी पहिल्या वेचणीला सीतादही करायची रीत होती. शेतात पाच खडे मांडायचे, त्यांची पूजा करायची, दहीभात शिंपायचा, मग कापसाला हात लावायचा. त्या दिवशी वेचणाऱ्या बायांना घरच्या खर्चाने बांगड्या भरायच्या, हीही आमच्या घरची जुनी पद्धत. सुगराबी दर वर्षी पेट्या घेऊन बांधावर यायची. त्या वर्षी ती आली नाही. बाया आल्या, पण बांधावर बसून राहिल्या. दहीभात शिंपून झाला तरी कापूस ठेवायला कुणी पदराची ओटी बांधेना.

"काय झालं शांताबाई?" तुमचे आजोबा म्हणाले. "फुटला कापूस, आभाळ भरून येऊन राह्यलं. बसल्या काऊन?"

"दादासाहेब, आमाले लेकरं हायेत," शांताबाई म्हणाली. "हात पांढरे पडले त आमाले कोन पुसन? नवरे घरात ठेवतीन का?"

"कोण सांगते हे?"

"सांगाले काय लागते? सुगराबीचे हात पाह्यले म्या."

आजोबा चिडले, बाया उठून गेल्या. दुसऱ्या शेतांतही तेच झालं. कापूस झाडावर लोंबत राहिला. एक सर आली आणि पांढरा कापूस मळका झाला. शेतकऱ्याचं नुकसान होत होतं, पण बायांचं त्याहून जास्त. वेचणीचे ते दीड-दोन महिने म्हणजे त्यांच्या वर्षभराचं तेल-मीठ होतं. शांताबाई चार घरी खुरपणीचं काम मागून आली, कुणाकडे नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी सुगराबीच्या घरी गेले. फोड बसले होते, त्यांच्या जागी गुलाबी, पातळ कातडी आली होती. तळाशी ज्या मूळपेशी होत्या त्या आपलं काम करत होत्या. ती डाळ निवडत होती. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "ठाऊक हाय मले, काऊन आल्या तुमी. बीबीवाले जुम्म्याले येतेत. तेवढा जुम्मा जाऊ द्या."

"पाऊस जुम्म्यापर्यंत थांबेल का सुगराबी? बाया थांबतील का?"

"मंग तुमी जा बीबीले. तुमी इंग्रजी शिकल्या. सांगा त्याइले, कोड लागत नाई, पोरीले होत नाई. ऐकतीन तुमचं?"

ऐकणार नाहीत हे मलाही ठाऊक होतं. आमच्या घरचं लग्न असतं तर आमच्याही घरात ऐकलं नसतं.

तेवढ्यात दारात शांताबाईची सून उभी राहिली. रंजना तिचं नाव, लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. हात पदरात गुंडाळलेले. माझ्याकडे तिचं लक्ष गेलं नाही. ती सुगराबीसमोर बसली आणि हात पुढे केले. दोन्ही पंजे सोलवटले होते, जागोजागी रक्त साकळलं होतं.

"खाज सुटली होती मामी," ती म्हणाली. "म्या भ्याली. रॉकेल लावलं अन् विटेनं घासले. आता खालून पांढरं दिसून राह्यलं. तुमच्यासारकं झालं का मले?"

सुगराबीने ताटली बाजूला सारली. रंजनाचे हात मांडीवर घेतले. कितीतरी महिन्यांत तिने कुणाचा हात असा घेतला नव्हता. पेरांना धक्का न लावता तिने ते उजेडाकडे वळवले. या वेळी हाताशी ती काही बोलली नाही.

"नाई वं पोरी," अखेर ती म्हणाली. "तुयं सालटं निंघालं. येते ते परत. तुले काई नाई झालं." मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, "मास्तरीनबाई, हिले दवाखान्यात न्या. अन् सकाळी बायाइले बांधावर बलवा."

सकाळी ती पेट्यांशिवाय आली. मेहंदी नव्हती, ओढणी खांद्यावर होती, हात उघडे. शबाना तिच्या मागे बांधाच्या कडेला उभी होती, तिचे डोळे सुजलेले होते. सुगराबी बायांसमोर थांबली.

"हे कोड हाय," ती म्हणाली. "दोन वर्सं झाले. फोड आले ते म्या तेल लावून उनात बसली म्हनून. कापसाचं काई नाई. म्या झूट बोल्ली."

शांताबाई उठली. "झूट बोल्ली? माया सुनेनं हात सोलून घेतले, अन् तू झूट बोल्ली? आमची मजुरी बुडाली, अन् तू निवांत बसली घरात?"

"हाव."

"काऊन बोल्ली मंग?"

"लाज वाटली," सुगराबी म्हणाली.

शांताबाईचा विश्वास बसला नाही. "आता काऊन मानावं तुयं? कालदी ते खरं, आज हे खरं."

सुगराबीने ओढणीची ओटी बांधली आणि सरीत उतरली. मला डॉक्टरीणबाईंचं बोलणं आठवलं आणि मी हाक मारली, "सुगराबी, नको." तिने ऐकलं नाही. नव्या, पातळ कातडीच्या बोटांनी ती बोंडातून कापूस ओढायला लागली. वाळक्या पाकळ्यांची टोकं लागत होती, मला बांधावरून दिसत होतं. ओरखडा उठला की ती हात झटकायची आणि पुढच्या बोंडाला लावायची. काम तिच्या सवयीचं नव्हतं. निम्मा कापूस बोंडातच राहत होता, पाचोळा ओटीत येत होता. अर्धी ओळ झाली तेव्हा आजोबाच म्हणाले, "बाई, बस करा आता." ती थांबली नाही.

अखेर शांताबाईने कपाळाला हात लावला. "ए मण्यारनी, निंघ भाईर. कापूस वेचून राह्यली का झाडाची हजामत करून राह्यली?" कुणीतरी हसलं. शांताबाईने आपली ओटी बांधली, पण सरीत उतरण्याआधी मागे वळून बायांना म्हणाली, "थांबा. आधी सगळ्याजनी हात दाखवा. कोनाले काय हाय ते आजच दिसू द्या, उद्या नवं सोंग नको." बायांनी एकमेकींपुढे हात धरले. गजकर्ण, भेगा, जुने चटके, एकीला कोपरावर छोटासा पांढरा डागही. तिने तो वर्षभर पोलक्याच्या बाहीत लपवला होता. मग वेचणी सुरू झाली.

तुम्हाला वाटेल इथून पुढे सगळं चांगलं झालं. तसं झालं नाही. बीबीचे लोक जुम्म्याला आलेच नाहीत. शनिवारी कुणाकडून तरी निरोप आला, मुलाचा विचार बदलला म्हणून. शबाना आईशी कितीतरी दिवस बोलली नाही. माझ्याकडे येऊन म्हणाली, "मास्तरीनबाई, अम्मीनं दुसऱ्याचा कापूस वाचवला, अन् माहं घर मोडलं."

बाया कापूस वेचायला गेल्या, पण हात मात्र सगळ्यांनी दिला नाही. सुगराबीकडून बांगड्या घ्यायच्या आणि घरी जाऊन स्वतः भरायच्या, असं निम्म्याजणी करायला लागल्या. कोड लागत नाही हे त्यांना आता पक्कं ठाऊक होतं, तरीही. माझ्या सहकारी शिक्षिकाही त्यात होत्या, विज्ञान शिकवणाऱ्यासुद्धा. शांताबाई मात्र पुढच्याच बाजाराला येऊन तिच्यापुढे धपकन बसली. "भर," म्हणाली. सुगराबीने तिचा हात मांडीवर घेतला आणि बऱ्याच दिवसांनी हाताशी बोलली, "काऊन रे, अजून रागात हाय का?" शांताबाई म्हणाली, "हाय. लवकर भर." त्या दोघींचं प्रेम मी यापेक्षा जास्त कधी पाहिलं नाही.

रंजनाचे हात महिनाभरात भरून आले. आधी गुलाबी, मग फिकट, मग पूर्वीसारखे सावळे. सुगराबी ते दर बाजारी पाहायची, आपलंच देणं फिटत असल्यासारखं. तिने औषध सोडलं नाही, ऊनही आता सांगितलं तेवढंच घेतलं. उन्हाळ्यात एक दिवस शाळेच्या फाटकाशी थांबून तिने मला हाताची मागची बाजू दाखवली. पांढऱ्यावर, प्रत्येक केसाच्या बुडाशी, राळ्याच्या दाण्याएवढे तपकिरी ठिपके. "पाहा," ती म्हणाली, "आईनं लेकरं पाठवले." ठिपके वाढत, एकमेकांना भेटत मनगटापर्यंत गेले. बोटांची टोकं पांढरीच राहिली. आणि त्या सकाळी बोंडांनी जिथे जिथे ओरखडलं होतं तिथे पांढऱ्या रेघा उठल्या, त्या शेवटपर्यंत गेल्या नाहीत. मी त्यांच्याकडे पाहायचं टाळायची. ती टाळत नसे.

शबानाचं लग्न उशिरा झालं, शेगावला, एका बायको वारलेल्या माणसाशी. माणूस चांगला निघाला. सुगराबी त्यानंतर थोडीच वर्षं होती. छातीच्या दुखण्याने गेली. मी मातीला गेले तेव्हा घरात शांताबाई बसलेली होती, सकाळपासून. तिने मला जागा करून दिली आणि एवढंच म्हणाली, "लय झूटी होती. पन आपल्या तोंडानं सांगून गेली."

आम्ही पुढे धाड सोडून बुलढाण्याला आलो. शेत वाट्याने दिलं आहे. बोंडअळी बीटीवरही परत आली तेव्हापासून तिथे बहुतेक सोयाबीन असतं, थोडा कापूस बांधाकडेला. शांताबाई आता थकली आहे, पुढारीण रंजना आहे. मागच्या वर्षी पहिल्या वेचणीला मी गेले होते. सरीत उतरण्याआधी बायांनी गोल केला आणि एकमेकींपुढे हात धरले, तळवे वर, मग खाली. एका नव्या मुलीला मी विचारलं, हे कशासाठी? ती म्हणाली, "ठाऊक नाई आजी, आमच्या इकडं पयल्यापासून करतेत." धाडच्या त्या एका शेतात ते अजून करतात. येत्या रविवारी फोनवर तुम्हाला छत दिसणार नाही.